तुमच्या घरी भांडण कसं संपायचं?

"आईला सांग, चहा टाक म्हणावं."

लहानपणी हे वाक्य मी किती वेळा पोचवलं असेल, हिशेब नाही. देवरुखजवळचं आमचं घर. ओटीवर बाबा, माजघरापलीकडे स्वयंपाकघरात आई, मध्ये जेमतेम वीस पावलं. बाबांचं बोलणं आईला तिथूनच ऐकू गेलेलं असायचं. तरी मी आत जायचे आणि सांगायचे, "बाबा म्हणतायत, चहा टाक." आई चुलीकडेच बघत म्हणायची, "त्यांना सांग, दूध नासलंय." की मी परत ओटीवर.

आमच्याकडे भांडण म्हणजे एवढंच. आवाज नाही, आदळआपट नाही. अबोला. दोन दिवस, चार दिवस, एकदा गणपतीच्या आधी तर पुरे अकरा दिवस. मग एखाद्या सकाळी दोघं एकमेकांशी सरळ बोलायला लागायची आणि माझी नोकरी संपायची. ते कशावरून पेटलं, कशानं विझलं, मला कधी कळलं नाही. कुणी कुणाला काय म्हणालं, माफी मागितली का, काही नाही. भांडणाचा शेवट मी पाहिलेलाच नाही.

लग्न झालं आणि ठाण्याला आले. नवरा वरुडचा, अमरावती जिल्ह्यातला. पहिल्याच वर्षी, बहुतेक गॅसचा नंबर लावायचा राहिला म्हणून, त्यानं आवाज चढवला. मी गप्प झाले. म्हणजे आमच्या घरच्या रीतीप्रमाणे मी भांडायला सुरुवात केली. ताट वाढायचं, समोर ठेवायचं, नजर द्यायची नाही. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या रात्री त्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "दोन दिसापासून बोलून नाही राहिली तू. तब्येत बरी नाही काय?"

मी तीन दिवस जिवाच्या आकांतानं भांडत होते आणि समोरच्याला त्याचा पत्ताच नव्हता.

त्या दिवाळीला सासरी गेले तेव्हा उलगडा झाला. सकाळी सासऱ्यांनी कसल्यातरी पावतीवरून सासूबाईंवर आवाज चढवला. सासूबाईंनी त्याच्यावरचा लावला. शेजारच्या काकू गच्चीत येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता आपल्याला नेसत्या लुगड्यानिशी परत जावं लागणार. अर्ध्या तासानं बाहेर आले तर दोघं अंगणात बाजेवर बसलेली, सासरे संत्र सोलत होते, फोडीवरचे पांढरे दोरे काढून एकेक फोड सासूबाईंच्या हातावर ठेवत होते आणि दोघं मिळून शेजारच्या काकूंना नावं ठेवत होती. माझा नवरा हे बघत मोठा झाला. त्याच्या लेखी ओरडणं म्हणजे पाऊस पडून जाणं. माझ्या लेखी ओरडणं म्हणजे घर कोसळणं. दोघंही आपापल्या घरची बाराखडी घेऊन आलो होतो आणि दोघांनाही वाटत होतं की जगात हीच एक लिपी आहे.

संस्कार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शुभंकरोति येतं, मोठ्यांच्या पाया पडणं येतं, पानात टाकू नये येतं. नवरा किंवा बायको म्हणून कसं वागायचं, याचा पाठ कुणी घेत नाही. तरी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आपल्याला ते सगळं येत असतं. कुणी उठून पाणी आणायचं, पगार कुणाच्या हातात द्यायचा, चिडलं की दार आपटायचं की डोक्यावरून पांघरूण घ्यायचं, चूक कळल्यावर "चुकलं" म्हणायचं की न बोलता आवडीची भाजी करायची. हे शिकलो कधी?

बघून शिकणं

याचं एक उत्तर १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मिळालं. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं तिथल्या बालवाडीतली ७२ मुलं घेतली, निम्मे मुलगे, निम्म्या मुली. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसानं हवेनं फुगवलेल्या बाहुल्याला हातोडीनं बडवलं, लाथा घातल्या, वर तोंडानं काहीबाही म्हटलं. तळाशी वजन असलेला, पाडला की परत उभा राहणारा तो बाहुला. आणखी काही मुलांसमोर मोठं माणूस शांतपणे दुसरंच काही खेळत बसलं. नंतर मुलांना एकटं सोडल्यावर, ज्यांनी मारहाण पाहिली होती त्यांच्यातल्या अनेकांनी बाहुल्याला तस्संच बडवलं. हातोडी तीच, काहींच्या तोंडातले शब्दही तेच.

"मुलं नक्कल करतात" हे सांगायला आपल्याला स्टॅनफर्डची गरज नाही, कुठलीही आजी सांगेल. खरा चटका त्यापुढच्या प्रयोगात आहे. १९६५ मध्ये बांडुरानं मुलांना चित्रफीत दाखवली. एका गटानं पाहिलं की बाहुल्याला मारणाऱ्याला बक्षीस मिळालं, दुसऱ्यानं पाहिलं की त्याला शिक्षा झाली. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी कमी नक्कल केली. झालं, धडा मिळाला, असं वाटेल. पण मग मुलांना म्हटलं गेलं, त्यानं काय काय केलं ते करून दाखवा, खाऊ देऊ. तेव्हा दोन्ही गटांना सगळं सारखंच येत होतं.

म्हणजे न वापरलेलं शिकणंही आत शिल्लक राहतं. हे वाचलं तेव्हा मला ओळखीतले तीन-चार पुरुष आठवले. "मी बापासारखा कधीच होणार नाही" असं शपथेवर सांगणारे, आणि खरोखर बरीच वर्षं तसे न वागलेले. मग धंद्यात खोट, आईचं आजारपण, रात्रीची झोप नाही, आणि एका संध्याकाळी बायकोवर ओरडताना त्यांच्याच तोंडून वडिलांचं वाक्य बाहेर पडतं, वडिलांच्याच सुरात. त्यातल्या एकानं मला सांगितलं, "मला वाटलं, मागे बाबाच उभे आहेत." माणूस दमलेला, घाबरलेला किंवा अपमानित झालेला असला की तो नवीन काही शोधून काढत नाही. जे सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा पाहिलंय, तेच हाताला लागतं.

बाहुला म्हणजे बायको नव्हे, आणि प्रयोगशाळेतली दहा मिनिटं म्हणजे वीस वर्षांचं घर नव्हे, हे खरंच. पण वीस वर्षांचं घर दहा मिनिटांपेक्षा कमी शिकवत असेल, असं मला वाटत नाही.

परत आल्यावर काय होतं

दुसरा धागा त्याहून मागे जातो, बोलता येण्याच्याही आधी. जॉन बोल्बी हा इंग्रज मनोविकारतज्ज्ञ लंडनच्या एका बड्या सर्जनच्या घरात वाढला. त्या काळच्या तिथल्या सधन घरांतल्या रीतीप्रमाणे आई दिवसातून तासभर भेटायची, बाकी सगळं दाईच्या हातात. बोल्बी चार वर्षांचा असताना ती दाई घर सोडून गेली, आणि त्याला ते आई गेल्यासारखं लागलं. मोठेपणी त्यानं आयुष्य घातलं ते एकाच प्रश्नात: लहान मुलाला जवळचं माणूस नेमकं कशासाठी लागतं? त्याचं उत्तर थोडक्यात असं की दूध, कपडे यांच्याइतकीच, भीती वाटल्यावर पळत जाऊन शिरायला एक कूस लागते. ती भरवशाची आहे की नाही, यावरून मूल एक अंदाज बांधतं आणि तो अंदाज पुढे बरोबर घेऊन फिरतं.

त्याची सहकारी मेरी एन्सवर्थ हिनं १९५० च्या दशकात युगांडातल्या खेड्यांत आया आणि बाळं जवळून पाहिली, मग अमेरिकेत बाल्टिमोरला एक साधी चाचणी बसवली. एक खोली, खेळणी, वर्षभराचं मूल, त्याची आई आणि एक परकी बाई. आई दोनदा काही मिनिटांसाठी बाहेर जाते आणि परत येते. सगळा खेळ वीसेक मिनिटांचा. आई गेल्यावर मूल किती रडतं हे महत्त्वाचं असेल असं वाटतं, पण खरी गोष्ट कळायची ती आई परत आल्यावर. काही मुलं आईकडे झेपावतात, दोन मिनिटं बिलगतात, शांत होऊन पुन्हा खेळायला लागतात. काही बिलगतातही आणि ढकलतातही, कडेवर घेतलं तरी हमसत राहतात, कशानं समजूत पटत नाही. आणि काही मुलं आई आली तरी मान वर करत नाहीत, गाडी फिरवत बसतात.

या तिसऱ्या मुलाला आपल्याकडे "किती शहाणं बाळ, कुणाकडेही राहतं" म्हणतील. पुढच्या संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले होते. मूल शांत नव्हतंच. रडून उपयोग नाही, हे त्याला एव्हाना कळून चुकलं होतं.

इथे मला एकदम आमची ओटी आठवते. कारण जॉन गॉटमन नावाच्या दुसऱ्या एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात सिअॅटलला नवरा-बायकोंना समोरासमोर बसवून, अंगाला तारा जोडून भांडायला लावलं, आणि त्यालाही तेच दिसलं. भांडणात जो दगडासारखा गप्प बसतो, भिंत होतो, त्याच्या छातीत ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेलेले असू शकतात. बाहेरून वाटतं याला काही फरकच पडत नाही. आत पूर आलेला असतो. त्या अवस्थेत माणसाला समोरच्याचं बोलणं नीट ऐकूही येत नाही. शरीर खाली यायला निदान वीस मिनिटं लागतात, असं गॉटमन सांगतो. वीस मिनिटं बाजूला होणं वेगळं आणि अकरा दिवसांचा अबोला वेगळा, हेही उघड आहे. पण माझ्या बाबांना मी इतकी वर्षं 'थंड माणूस' म्हणत आले होते, ते मनातल्या मनात मागे घेतलं.

लहानपणीच्या या अंदाजाचा लग्नाशी संबंध आहे का, हे १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी जरा गमतीशीर मार्गानं तपासलं. डेन्व्हरच्या 'रॉकी माउंटन न्यूज' या दैनिकात त्यांनी प्रेमाबद्दलची प्रश्नावली छापली. आलेल्या ६२० उत्तरांत साधारण ५६ टक्के लोक जवळिकीत निर्धास्त, २५ टक्के कुणी फार जवळ आलं की अवघडणारे, आणि १९ टक्के "हा मला सोडून तर जाणार नाही ना" या धास्तीत जगणारे निघाले. बाळांमध्ये दिसलेल्या त्याच तीन तऱ्हा, प्रमाणही जवळपास तेवढंच. निर्धास्त लोकांनी आपल्या आईवडिलांचं आणि त्यांच्या आपसातल्या नात्याचं वर्णनही जास्त उबदार केलं होतं.

अर्थात वर्तमानपत्राला उत्साहानं पत्र पाठवणारे लोक म्हणजे सगळा समाज नव्हे. आणि लहानपणाची आठवण आजच्या मूडप्रमाणे रंग बदलते. शिवाय हे सगळं एक आई, एक मूल, एक बंद खोली असं धरून चाललंय. आपल्याकडची कित्येक मुलं आजीच्या कुशीत झोपतात, आत्याच्या हातून जेवतात, काकाच्या खांद्यावर जत्रा बघतात. आई दमून चिडचिडी झाली तर शिरायला दुसरी कूस असते. म्हणून मोबाइलवर दोन रील बघून "माझा नवरा अमुक प्रकारचा आहे" असं लेबल चिकटवणाऱ्यांचा मला राग येतो. हे प्रकार म्हणजे रक्तगट नव्हेत. एकच माणूस बायकोशी एक आणि मित्राशी दुसरा असू शकतो, आणि चांगल्या जोडीदाराबरोबर दहा वर्षं काढली की धास्तावलेला माणूसही निवांत होताना मी पाहिलाय.

त्रिकोण

मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाचं एक निरीक्षण आहे, ते जणू कोकणात बसून केलंय असं वाटतं. दोन माणसांमधला ताण सोसेना की ती तिसऱ्याला आत ओढतात आणि ताण तीन जागी वाटून घेतात. त्याला तो त्रिकोण म्हणतो. ओटी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये धावणारी मी म्हणजे त्या त्रिकोणाचं तिसरं टोक होते. त्या धावण्यामुळे आई-बाबांना एकमेकांशी न बोलता वर्षानुवर्षं संसार करता आला. माझा फायदा असा की घरातल्या हवेचा वास मला दारातूनच यायला लागला. तोटा असा की आजही नवरा फोनवर कुणाशी जरा गंभीर बोलत असला तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलंय.

पण आपल्याकडचा खरा जुना त्रिकोण दुसरा. मोठ्या घरात सून म्हणून आलेल्या बाईला नवऱ्याशी चारचौघांत बोलायचीही सोय नव्हती. नाव घ्यायचं नाही, शेजारी बसायचं नाही, दिवसभर गाठ पडायची नाही. अशा बाईला मुलगा झाला की तिच्या हक्काचं पहिलं पुरुषमाणूस तो. सासूनं काय म्हटलं, जावेनं काय केलं, हे ती त्याला सांगते. सात वर्षांचं पोर आईचे डोळे पुसतं, "मी मोठा झालो की तुला कुणी बोलणार नाही" म्हणतं. जी जागा नवऱ्यानं भरायची ती मुलानं भरलेली असते. मग वीस वर्षांनी त्याचं लग्न होतं, आणि येणारी मुलगी बायको म्हणून येते, पण जागा रिकामी नसते. सासू-सुनेचं वैर हा बायकांचा जातिवंत दोष आहे असं मानणाऱ्यांनी मागे वळून सासऱ्याकडे पाहावं. तो तीस वर्षं कुठे होता?

मुलगा अशा वेळी काय करतो? बहुधा बाप करायचा तेच. दोघींचा आवाज वाढला की चपला घालून बाहेर जातो. "तुमचं तुम्ही बघा" हे वाक्य त्यानं कुठून आणलं, त्याला माहीतही नसतं. बायकोची बाजू घेतली तर 'बाईलबुद्ध्या' हा शब्द तयारच असतो, आणि तोही त्यानं लहानपणी कुणा काकाला म्हटलेला ऐकलेला असतो.

वडिलधाऱ्यांपुढे मान तुकवण्याचं वळण केवढं खोल असतं, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात ठळक उदाहरण १८७३ चं आहे. महादेव गोविंद रानडे तेव्हा ३१ वर्षांचे, विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते. पहिली पत्नी वारली. आता ते बोलल्याप्रमाणे विधवेशी लग्न करणार, असं सगळ्यांना वाटत होतं. वडील गोविंदरावांनाही तीच धास्ती होती, म्हणून त्यांनी घाईघाईनं ११ वर्षांची मुलगी ठरवली. रानड्यांनी विरोध केला, पण वडिलांची आज्ञा मोडली नाही. बाहेर अख्ख्या समाजाशी वाद घालणारा माणूस ओटीवर बापासमोर हरला. आणि त्याच माणसानं त्या मुलीला, म्हणजे रमाबाईंना, स्वतः शिकवायला बसवलं, बाईमाणसाला शिकवणं घरातल्या इतर बायकांना अजिबात मान्य नसताना. टोमणे सोसले ते रमाबाईंनी, आणि ते त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहूनही ठेवले. रानड्यांना भ्याड म्हणणारे आणि थोर नवरा म्हणणारे, दोन्ही पक्ष मी ऐकले आहेत. मला तर दोन्ही गोष्टी एकाच घरातून आलेल्या दिसतात. वाढवलेलं वळण आणि स्वतः कमावलेलं मत एकाच माणसात शेजारी राहतात आणि अडचणीच्या वेळी कोण पुढे होईल, सांगता येत नाही.

पाणी कोण आणतं

आतापर्यंत मनाबद्दल बोललो, पण वळणाचा बराच भाग मनात नसतो, हातापायांत असतो. पाहुणे आले. आई म्हणते, "अगं पाणी आण." भाऊ तिथेच माठाशेजारी उभा आहे, पण हाक बहिणीला. यात कुणी दुष्ट नाही. मात्र अशा हजार हाकांनंतर भावाच्या पायांना उठायचं माहीतच होत नाही, आणि बहिणीच्या पायांना बसायचं.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवतात असं आढळलं. पुरुष ९७ मिनिटं. पण त्याहून बोलकी गोष्ट अशी की बायकांपैकी ८१ टक्क्यांनी त्या दिवशी घरकाम केलं होतं आणि पुरुषांपैकी फक्त २६ टक्क्यांनी. म्हणजे चारांतल्या तिघा पुरुषांनी काडीही हलवली नव्हती. यातले बहुतेक बायकोवर प्रेम करत असतील, विचारलं तर मनापासून सांगतीलही. त्यांना सिंक भरलेलं दिसत नाही, एवढंच. आणि 'दिसत नाही' हे अगदी खरं असतं. न दिसण्याचं शिक्षण त्यांना मिळालेलं असतं.

आता अवघड भाग. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सात कारणं वाचून दाखवली होती: न सांगता बाहेर गेली, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष केलं, उलट बोलली, शरीरसंबंधाला नाही म्हणाली, स्वयंपाक नीट केला नाही, तिच्या वागण्याचा संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. यातल्या एका तरी कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे, असं ४५ टक्के बायकांना आणि ४४ टक्के पुरुषांना वाटलं. आकडे जवळजवळ सारखे, याकडे लक्ष द्या. सगळ्यात जास्त होकार मिळाला तो सासू-सासऱ्यांच्या मानाच्या कारणाला. हे काही शाळेत शिकवत नाहीत.

याच सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हा आकडा २५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चारातली एक. आधीच्या फेऱ्यांच्या अहवालांत आणखी एक गोष्ट दिसते: ज्या बाईचे वडील तिच्या आईला मारत, तिला स्वतःला नवऱ्याचा मार बसण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट असतं. याचा अर्थ ती मार ओढवून घेते असा काढणारे भेटतात. तो अर्थ चूक आहेच, शिवाय बेशरमही आहे. मारणारा मारतो. पण तिच्या बाजूनं विचार करा. पहिली थप्पड बसली, तिनं आईला फोन केला, आणि आई म्हणाली, "पुरुषाची जात, होतं असं, थोडं सोस." आईनं तेच केलेलं असतं. ज्या मुलीची आई त्याच रात्री "बॅग भर, बाबा निघालेत" म्हणते, तिच्या नवऱ्याला दुसरी थप्पड महाग पडते. २००६ पासून घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा लागू आहे, पण त्या दारापर्यंत जायला माहेरचं दार आधी उघडावं लागतं.

आणि हेही तितकंच खरं की मारकुट्या बापांची सगळी मुलं मारकुटी निघत नाहीत. हा संबंध आहे, पण लोक समजतात तेवढा घट्ट नाही. एकाच बापाचे दोन मुलगे, एक बापावर जातो आणि दुसरा बायकोसमोर आवाजही चढवत नाही, हे प्रत्येक गावात दिसेल. स्वभाव, बरी शाळा, एखादा मामा, दारू, पगार, दोन खोल्यांत सात माणसं, या सगळ्यांचा हात असतो. त्यामुळे "मी काय करू, मला असंच वाढवलंय" म्हणणाऱ्या चाळीस वर्षांच्या नवऱ्याचं मला फारसं कौतुक नाही. वाढवलं असेल, आता मोठा झालास ना?

पाच शब्द

मग फरक कशानं पडतो? १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे मेरी मेन ही मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांसाठी एक मुलाखत तयार केली. त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो. लहानपणच्या तुमच्या आईबरोबरच्या नात्याचं वर्णन पाच शब्दांत करा. मग त्या प्रत्येक शब्दाला धरून एक नेमका प्रसंग सांगा. मग वडिलांचं तसंच.

शब्द लगेच येतात. प्रेमळ, कष्टाळू, सोशिक. प्रसंग विचारला की काही जण अडखळतात. "म्हणजे, प्रेमळच होती ती. आईच ना शेवटी." प्रसंग येतच नाही. काही जण उलटे, प्रसंगात शिरतात ते बाहेरच येत नाहीत, तीस वर्षांपूर्वीच्या रागानं आजही थरथरतात. आणि काही जण नीट सांगतात, चांगलं आणि वाईट दोन्ही, खुर्चीत मागे टेकून. मेन यांना दिसलं ते असं की लहानपण सुखाचं होतं की दुःखाचं, यापेक्षा ते आज किती सरळ, किती खरं सांगता येतं, यावरून त्या माणसाचं स्वतःच्या मुलांशी असलेलं नातं जास्त ओळखता येतं. खडतर घरातून आलेले, पण आपली गोष्ट नीट सांगू शकणारे लोकही घट्ट, निर्धास्त नाती बांधताना आढळले. कुणाजवळ तरी ती गोष्ट बोललेली असते. एखादी आजी, मैत्रीण, समुपदेशक, किंवा चक्क बायको.

आम्ही दोघांनी हा खेळ एका रविवारी खेळून पाहिला. त्यानं वडिलांसाठी 'तापट' म्हटलं आणि बाजेचा, संत्र्याचा प्रसंग सांगितला. म्हटलं, हा तापटपणाचा प्रसंग आहे का? तो बराच वेळ विचार करत राहिला. मग दुसरा सांगितला, जो मी इथे लिहिणार नाही. सगळी भांडणं संत्र्यावर संपली नव्हती.

माझी गाडी आईच्या 'सोशिक'वर अडली. प्रसंग म्हणून अकरा दिवसांचा अबोला डोळ्यांसमोर आला, पण तो कशाचा होता हेच ठाऊक नव्हतं. म्हणून फोन लावला. विचारलं, आई, तो गणपतीच्या आधीचा अबोला आठवतो का, तू आणि बाबा अकरा दिवस बोलत नव्हता?

"अबोला?" आई म्हणाली. "कसला? आमचं उभ्या जन्मात कधी भांडण झालं नाही."

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. मला इथे ठाण्यात स्पष्ट ऐकू आला.

"तिला सांग, आंब्याची पेटी मंगळवारी पोचेल म्हणावं."

"बाबा म्हणतायत, पेटी मंगळवारी येईल," आई म्हणाली.

"त्यांना सांग," मी म्हटलं, "मिळाली की कळवते."